निखाऱ्याच्या कलानं जेवायचं: याकितोरीच्या दुकानातले अनुभवाचे बोल

भंडाऱ्याचा जपानशी काय संबंध, असं बाहेरचं कोणी विचारलं की आम्ही दोन नावं सांगतो. एक, पवनीजवळ रुयाडला जपानी बौद्धांच्या मदतीनं उभा राहिलेला महास्तूप. दुसरं, वरठीच्या सनफ्लॅग पोलाद कारखान्याची नागोयाच्या दायदो स्टीलशी असलेली भागीदारी. त्यामुळं कामाधंद्यानिमित्त नागोया पाहून आलेली माणसं आमच्या भागात अधूनमधून भेटतात. मीही त्यातलाच. नवा कोणी निघाला की भेटायला येतो आणि व्हिसा, थंडी, पगार हे सगळं सोडून पहिला प्रश्न टाकतो, "भाऊ, तिथं खायचं काय जी?"

चिवडा, लोणचं, तिखटाची बरणी न्यायला मी कोणाला मना करत नाही. पण एक संध्याकाळ याकितोरीच्या दुकानात काढ, असं आवर्जून सांगतो. याकितोरी म्हणजे बांबूच्या बारीक काडीत ओवून कोळशावर भाजलेली कोंबडी. ना तर्री, ना सांबार, ना भाकर. सावजीवर पोसलेल्या जिभेला हे वर्णन आजाऱ्याच्या पथ्याचं वाटतं. तरी जावं, आणि जाताना एक गोष्ट मनाशी पक्की करावी. 'ग्राहक राजा' ही आपली समजूत तिथं दाराबाहेर ठेवायची. आत राज्य निखाऱ्याचं असतं. काडी केव्हा येणार, किती येणार, कशी खायची, हे सगळं तोच ठरवतो. पाहुण्यानं त्याच्या कलानं घेतलं की भाषा येत नसली तरी काही अडत नाही. पुढचे बोल त्या एका गोष्टीचाच विस्तार आहेत.

१. आधी साखळी दुकान, मग गल्लीतलं

जपानी अक्षर ओळखू न येणाऱ्यानं पहिल्याच दिवशी आठ-दहा खुर्च्यांच्या दुकानात शिरू नये. आधी तोरिकिझोकुसारख्या मोठ्या साखळीत जावं. १९८५ मध्ये ओसाकाकडं सुरू झालेली ही दुकानं आता जपानभर आहेत, आणि तिथं जवळपास प्रत्येक पदार्थाचा भाव एकच असतो. त्यामुळं बिलाचा अंदाज बोटांवर लागतो. चित्रं पाहून मागवता येतं, नावं ओळखीची होतात, कोबीची ताटली पुन्हा भरून मिळते.

मग गल्लीत शिरा. स्टेशनाच्या आसपास, रेल्वेच्या पुलाखाली, लाल कागदी कंदील टांगलेलं दुकान शोधा. संध्याकाळी लवकर जा. जागा मिळते आणि दुर्मीळ तुकडे संपलेले नसतात. नाव असलेल्या दुकानात आधी जागा राखावी लागते. त्यासाठी हॉटेलच्या काउंटरवर विनंती केली तर ते फोन करून देतात. भट्टीसमोरच्या फळीवर जागा मिळाली तर टेबलाचा मोह सोडून द्या.

मुलंबाळं सोबत असतील तर दारावरची पाटी पाहा. एप्रिल २०२० पासून जपानमध्ये हॉटेलांत सिगारेट ओढायला कायद्यानं बंदी आहे, पण जुन्या लहान दुकानांना सवलत मिळाली आहे. अशा दुकानांना तशी पाटी लावावी लागते आणि सिगारेट चालते त्या भागात २० वर्षांखालच्या कोणालाही नेता येत नाही.

२. न मागितलेली वाटी परत करू नका

बसल्या बसल्या समोर ओला गरम रुमाल येतो. तो हात पुसायला आहे, तोंड-मान पुसायला नाही. त्यामागून एक लहानशी वाटी येते: उकडलेली भाजी, थोडं लोणचं, कधी मुळ्याचा कीस. तुम्ही ती मागितलेली नसते, तरी बिलात तिचे साधारण ३०० ते ५०० येन लागतात. आपल्या लोकांचं डोकं इथंच तापतं. "आम्ही मागवलं नाही, पैसे कशाचे?" पण ही फसवणूक नव्हे. तिला ओतोशी म्हणतात आणि ते बसण्याचं भाडं आहे. सगळ्यांकडून सारखंच घेतात. पहिली काडी भाजून यायला वेळ लागतो, तोवर तोंड चालू राहावं हा त्यामागचा हिशेब.

३. प्यायचं आधी सांगा

याकितोरीचं दुकान मुळात संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर घोटभर घ्यायला बसायचं ठिकाण. म्हणून पहिला प्रश्न पेयाचा असतो. न पिणाऱ्यानं संकोचून नुसतं पाणी मागू नये. थंड ऊलाँग चहा मागवावा. तो सगळीकडं मिळतो आणि तेलकट कातडीसोबत उत्तम लागतो. सगळ्यांचे ग्लास येईपर्यंत थांबायचं, 'कान्पाइ' म्हणायचं, मग ओठाला लावायचं.

आपल्याकडं आग्रह ताटात होतो, त्यांच्याकडं ग्लासात. शेजाऱ्याचा ग्लास रिकामा दिसला की आपण भरायचा, आपला तो भरतो. पुरे झालं असेल तर ग्लास भरलेलाच राहू द्यावा. मग कोणी ओतत नाही.

४. पहिली काडी मिठाची

प्रत्येक काडीमागं एकच प्रश्न असतो: शिओ की तारे? शिओ म्हणजे मीठ. तारे म्हणजे सोया सॉस, मिरिन नावाची गोडसर तांदळाची दारू, साके आणि साखर आटवून केलेला दाट रस. काडी अर्धवट भाजली की त्यात बुडवायची, पुन्हा निखाऱ्यावर धरायची, पुन्हा बुडवायची. जुन्या दुकानांत ताऱ्याचं भांडं कधी पूर्ण रिकामं करत नाहीत, उरलेल्यात नवा रस घालत जातात.

सुरुवात मिठानं करा. तारे गोड असतो आणि गोडानं जीभ बसली की मिठाच्या काडीतला कोंबडीचा मूळ स्वाद कळत नाही. कलेजी आणि कोंबडीच्या खिम्याचे गोळे मात्र ताऱ्यातच खावेत.

खिशातली तिखटाची पुडी पहिल्या काडीला काढू नका. आचाऱ्यानं मीठ मोजून टाकलेलं असतं. समोर शिचिमी नावाची डबी असते, त्यात मिरची, तीळ, संत्र्याची साल असे सात जिन्नस असतात. आपल्या मानानं ती फिकीच, पण हवी तेवढी भुरभुरा, कोणी काही म्हणणार नाही.

५. एकदम ऑर्डर देऊ नका

आपण चौघं हॉटेलात गेलो की मेनूकार्ड हातात घेऊन पंगतीचा हिशेब करतो: दोन हंडी, वीस रोट्या, चार भात. याकितोरीत ही रीत महागात पडते. वीस काड्या एकदम आल्या की पहिल्या चार गरम, बाकीच्या गार. गार झालेली काडी म्हणजे चामडं.

भट्टीसमोर बसलं की कारण दिसतं. लोखंडी भट्टी हातभर लांब आणि वीतभर रुंद. तिच्यावर जाळी नसतेच. काडीची दोन टोकं काठावरच्या लोखंडी पट्ट्यांवर टेकतात आणि मांस निखाऱ्यावर अधांतरी राहतं. आचारी एका हातानं काड्या फिरवतो, दुसऱ्या हातानं कागदी पंखा मारतो. कातडीतली चरबी ठिबकली की जाळ उसळतो. त्याच क्षणी तो नेमकी ती काडी उचलतो, जाळ बसला की परत ठेवतो. कडेला निखारा मंद, मधे कडक. कलेजी कडेला, कातडी मधे. मीठ हात उंच धरून टाकतो, म्हणजे सगळीकडं सारखं पडतं. चांगल्या दुकानात कोळसा बिनचोतान असतो. वाकायामा भागातला नावाजलेला, उबामे नावाच्या ओकच्या लाकडाचा. तो इतका कठीण असतो की दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा खणखणतो. धूर जवळपास नाही आणि आच तासन् तास एकसारखी. पोलादाच्या भट्टीवर आयुष्य काढलेल्या माणसाला तिथून उठावंसं वाटत नाही.

तेव्हा तीन-चार काड्या मागवा, खा, मग पुढच्या सांगा. काय मागावं ते सुचत नसेल तर 'ओमाकासे' म्हणा. आचारी त्याच्या मर्जीनं एकामागून एक देत जातो, आणि पोट भरलं की हातानं खूण करून थांबवायचं. मात्र उंची दुकानात ओमाकासे म्हणजे ठरलेल्या किमतीचं पूर्ण जेवण असतं, म्हणून आकडा आधी विचारा.

६. कोंबडीचा नकाशा पाठ करा

सगळ्यात रस इथं आहे. आपल्या हॉटेलात कोंबडी मागवली की 'पीस' येतात, कोणता पीस ते नशिबावर. याकितोरीत कोंबडीचा प्रत्येक भाग हा वेगळा पदार्थ, वेगळं नाव आणि भाजण्याची वेगळी रीत.

मोमो म्हणजे मांडी. नेगिमा म्हणजे मांडीचे तुकडे आणि मधे कांद्याच्या जाड पातीचे तुकडे. सुरुवात यांनी करा. कावा म्हणजे कातडी, घड्या घालून ओवलेली, बाहेरून कुरकुरीत. सुनागिमो म्हणजे आपला पोटा, रेबा म्हणजे कलेजी, हात्सु म्हणजे काळीज. नानकोत्सु म्हणजे छातीची कूर्चा, चावताना कडकड वाजते. बोंजिरी म्हणजे शेपटीचा तुकडा, नुसती चरबी, एकच काडी पुरे. त्सुकुने म्हणजे खिम्याचे गोळे, सोबत कच्च्या अंड्याचा बलक. आणि चोचिन म्हणजे कोंबडीच्या पोटातलं न बनलेलं अंडं, काडीच्या टोकाला पिवळ्या दिव्यासारखं लोंबणारं. गावरान कोंबडी कापल्यावर आपली पोरं ज्यावरून भांडतात, तेच. ते अख्खं तोंडात घालायचं, नाहीतर शर्टावर फुटतं.

आमच्या घरी कोंबडी शिजली की वाटणी ठरलेली असे. तंगडी जावयाला नाहीतर पाहुण्याला, पोटा-कलेजी पोरांना. आणि जिनं चुलीपुढं बसून सगळं रांधलं तिच्या वाट्याला मान, पाठ आणि उरलेला रस्सा. नागोयातल्या आचाऱ्याला मी खूण करून विचारलं, तुमचं सगळ्यात चांगलं काय? त्यानं सेसेरी पुढं केली. सेसेरी म्हणजे मानेचं मांस. मान दिवसभर हलते, म्हणून मांस घट्ट, आणि वर चरबीची पातळ साय, म्हणून रसाळ. ते हाडापासून सुरीनं अलगद सोडवावं लागतं आणि एका मानेत जेमतेम निघतं, त्यामुळं लवकर संपतं. मला तेव्हा आमच्या चुलीपुढची पंगत आठवली आणि हसूही आलं. घरातला शहाणा माणूस कोण होता, ते परदेशात कळलं. तुम्हीही पहिल्यांदा सेसेरी आहे का विचारा, मांडी कुठं पळून जात नाही.

७. कोंबडी कोणती तेही विचारा

नागोयात असाल तर नागोया कोचीन खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. मेइजी काळात काइफु आडनावाच्या, मूळच्या सामुराई घराण्यातल्या दोन भावांनी नागोयाजवळच्या कोमाकीत चिनी कोचीन आणि स्थानिक कोंबडी यांच्या संकरातून ही जात काढली. ब्रॉयलर दीड-पावणेदोन महिन्यांत कापायला येतो, हिला चार ते पाच महिने लागतात. मांस लालसर, दातांना जाणवणारं. आपल्या गावरानच्या जवळचं.

आपल्याकडं गावरान म्हणून बाजारात काय काय खपतं ते भंडाऱ्याच्या माणसाला सांगायला नको. जपानमध्ये 'जिदोरी' या शिक्क्याला सरकारी मानक आहे. देशी जातीचं रक्त निम्मं तरी हवं, किमान ७५ दिवस वाढवलेली हवी, आणि २८ व्या दिवसानंतर चौरस मीटरला १० पेक्षा जास्त कोंबड्या नकोत, त्याही जमिनीवर मोकळ्या फिरणाऱ्या. काडीचा भाव दुप्पट का, याचं उत्तर या आकड्यांत आहे. मात्र पहिल्या संध्याकाळी साधी कोंबडीच खा. साध्या दुकानात काडीला साधारण १५० ते ३०० येन पडतात. फरक कळायला आधी साधी चव माहीत हवी.

८. काडीवरून तुकडे सोडवू नका

चौघांत एक काडी आली की आपण लगेच चॉपस्टिकनं तुकडे सोडवून बशीत वाटायला घेतो. माया असते त्यात, पण समोर उभ्या आचाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. तुकडा काडीवरून ओढला की रस गळतो आणि मांस लगेच निवतं. शिवाय काडी ओवण्यातही विचार असतो. बरेच आचारी टोकाचा तुकडा थोडा मोठा ठेवतात आणि त्यावर मीठ चिमूटभर जास्त टाकतात, म्हणजे पहिला घास ठसठशीत लागतो. म्हणून माणशी एक काडी मागवावी आणि थेट तोंडानं खावी. खालचे तुकडे घशात टोचतील असं वाटलं तर काडी आडवी धरून बाजूनं दातानं ओढावी. रिकामी काडी टेबलावरच्या बांबूच्या नळीत टाकायची. काडी हातात धरून गप्पा मारताना हातवारे करू नयेत.

९. गुलाबी मांस दिसलं तर

छातीचं मांस, म्हणजे सासामी, काही ठिकाणी वरून नुसतं शेकतात आणि आत गुलाबी ठेवतात. वर वासाबी. दक्षिणेच्या कागोशिमा आणि मियाझाकी भागांत तर कोंबडी जवळजवळ कच्ची खायची जुनी चाल आहे, तिथं त्यासाठी स्थानिक नियमही आहेत. कच्ची बीफ-कलेजी जपाननं २०१२ मध्ये आणि कच्चं डुकराचं मांस २०१५ मध्ये हॉटेलांतून बंद केलं, कोंबडीवर तशी देशव्यापी बंदी नाही. पण कच्च्या कोंबडीतून कॅम्पिलोबॅक्टरची बाधा होते असा इशारा तिथलं आरोग्य खातं देत असतं. पाहुण्यानं शौर्य दाखवू नये. 'योकु याइते कुदासाइ', नीट भाजून द्या, हे वाक्य पाठ करून जावं. कोणी वाईट मानत नाही.

१०. जे खात नाही ते बसण्याआधी सांगा

याकितोरी म्हटलं की कोंबडीच, असं धरून चालू नका. होक्काइदोतल्या मुरोरानमध्ये याकितोरी म्हणजे डुकराचं मांस, कांदा आणि पिवळी मोहरी. तोक्योजवळच्या हिगाशिमात्सुयामातही डुकराचंच, वर तिखट मिसो. फुकुओकात कोंबडीशेजारी डुकराची काडी ठरलेली. काड्या बहुधा एकाच भट्टीवर भाजतात. ताऱ्यात साके आणि मिरिन असते. ज्याला धर्मानं हे वर्ज्य आहे त्यानं नुसत्या मिठावर भरवसा ठेवू नये, हलाल पाटीचं दुकान शोधावं.

सोबत माळकरी असेल तर त्याला उगाच भूल देऊ नका. भाजलेली हिरवी मिरची, शिताके अळिंबी, गिंगकोच्या बिया मिळतात, पण कोंबडीच्याच भट्टीवरच्या. थंड तोफूवर माशाचा वाळवलेला कीस भुरभुरलेला असतो. उकडलेल्या सोयाशेंगा निर्धोक. तेवढ्यावर भागणार नसेल तर त्याला दुसरीकडं जेवू घालून मग गप्पांना आणा.

११. भात शेवटी, आणि मग उठा

आम्ही धानाच्या जिल्ह्यातली माणसं. भात पोटात गेल्याशिवाय जेवलो असं वाटत नाही. तिथं भात शेवटी येतो: सोया लावून भाजलेला गोळा, नाहीतर कोंबडीचा रस्सा आणि अंडं घातलेली लहान वाटी. हाडांचं गरम पांढरं सूप मिळालं तर सोडू नका. भात मागवला म्हणजे जेवण आवरतं घेतलं, हे आचाऱ्याला न सांगता कळतं.

त्यानंतर रेंगाळू नये. दुकान लहान, बाहेर माणसं उभी. गर्दीच्या दिवशी दोन तासांची मर्यादाही सांगतात. 'ओकाइकेइ' म्हटलं की बिल येतं. पैसे हातात न देता समोरच्या लहान ताटलीत ठेवायचे. रोख रक्कम जवळ हवीच, कारण गल्लीतली काही दुकानं कार्ड घेत नाहीत. टीप ठेवू नका. वरचे सुटे सोडून निघालात तर पोरगं मागं धावत येऊन परत देईल. निघताना भट्टीकडं पाहून 'गोचिसोसामा' म्हणा. सगळ्या संध्याकाळीत एवढं एक वाक्य नीट म्हटलं तरी आचारी मान लववतो.

१२. घरी करून पाहा

बिनचोतान इथं मिळणार नाही आणि लागतही नाही. अंगणात विटांच्या दोन ओळी मांडायच्या, मधली फट काडीच्या लांबीहून थोडी कमी. जाळी नको. बुरडाकडून बांबूच्या काड्या तासून आणायच्या आणि तासभर पाण्यात भिजत ठेवायच्या. गावरान यासाठी घेऊ नका. ती रश्श्यातच शोभते, निखाऱ्यावर वादड होते. ब्रॉयलरची मांडी घ्या. चिकनवाला सवयीनं कातडी सोलून फेकतो, त्याला "कातडीसकट दे" म्हणून आधीच सांगा. तो एकदा तुमच्या तोंडाकडं पाहील, मग देईल. तारे हवा असेल तर सोया सॉस, गूळ आणि आलं आटवा, काम भागतं.

पण खरा फरक पडतो तो वाढण्यात. काड्या दोन-दोन, तीन-तीन करून उतरतात, त्यामुळं पुरुषांची पंगत आधी आणि बायकांची नंतर हा प्रकार चालूच शकत नाही. सगळ्यांना विटांभोवती बसावं लागतं, पंखा हातोहात फिरतो, आणि भाजणाराही भाजता भाजता खातो. मानेचं मांस मात्र आधीपासून वेगळं काढून ठेवा आणि कोणाला देणार ते जाहीर करा. आमच्याकडं आता तंगडी कोणी मागत नाही, भांडण मानेवरून होतं.